किती तोडावे आणि किती राखावे?

(गोंदिया शहरालगतच्या मुर्री येथे वनव्यवस्थापन आणि गणित या विषयावर झालेल्या भाषणाचा मजकूर)



गोंदिया-भंडाऱ्याचा हा परिसर तलावांचा आणि धानाचा. मालगुजारी तलावाच्या पाळीवर उभा असलेला शेतकरी दरवर्षी एक अवघड प्रश्न सोडवीत असतो. तलावात पाणी इतके, बांध्या इतक्या, रोवणीला मजूर इतके. मग पाणी आधी कोणाला, किती आणि कधी? पाऊस लांबला म्हणून तलाव एकदम रिकामा करता येत नाही आणि पाणी राखायचे म्हणून उभे पीक वाळू देता येत नाही. कोठीतले बियाण्याचे धान बाजूला काढून मगच उरलेल्याचा हिशेब मांडणारी गृहिणीही तेच करीत असते. साधने मर्यादित आहेत, बंधने ठरलेली आहेत. त्यांच्या चौकटीत राहून सर्वांत हितकर निर्णय शोधायचा. गणितात या शोधाला ‘इष्टतमीकरण’ म्हणतात. नाव अवघड असले तरी व्यवहार आपल्या ओळखीचा आहे.

हाच व्यवहार जंगलाला लावला म्हणजे प्रश्न गहन होतो. मुर्रीतून जंगल दूर वाटते. परंतु जिल्ह्यात देवरी, सालेकसा, सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांत वनांचा मोठा विस्तार आहे. घराची सागवानी चौकट, बिडीचा तेंदूपत्ता, सुपाटोपलीचा बांबू हे सारे तेथूनच येते. धानाचा निर्णय चुकला तर पुढच्या पावसाळ्यात सुधारता येतो. सागाचा निर्णय चुकला तर तो सुधारायला नातवाचा जन्म व्हावा लागतो. म्हणून वनात किती तोडावे आणि किती राखावे, हा प्रश्न केवळ वनखात्याचा नाही. तो पिढ्यापिढ्यांमधील न्यायाचा प्रश्न आहे.

जुना विवेक, जुना हिशेब

या प्रश्नाचे भान आपल्या परंपरेला नवे नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वनोत्पन्नाची व्यवस्था पाहणारा ‘कुप्याध्यक्ष’ हा स्वतंत्र अधिकारी सांगितला आहे. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या ‘आज्ञापत्रा’त तर आरमारासाठी लाकूड कसे मिळवावे याचे स्पष्ट मार्गदर्शन आहे. आरमाराला तक्ते, सोट, डोलकाठ्या हव्यात, ही राज्याची गरज. पण रयतेच्या आंबा-फणसाला हात लावायचा नाही, कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. लोकांनी ती लेकरांसारखी वाढविलेली असतात. एखादे झाड फारच जीर्ण झाले असेल, तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन, त्याच्या संतोषाने न्यावे. बळजबरी करू नये. आजच्या परिभाषेत बोलायचे तर येथे उद्दिष्ट आहे आणि बंधनेही आहेत. आरमार उभे राहिले पाहिजे हे उद्दिष्ट. झाडाचे वय, धन्याची संमती आणि रयतेचे दुःख ही बंधने. गरज मोठी म्हणून बंधन सैल होत नाही, हे त्या काळच्या राज्यकर्त्याने लिहून ठेवले.

त्याच दशकात, १७१३ साली, जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात हान्स कार्ल फॉन कार्लोवित्स या खाण-प्रशासकाने वनशास्त्रावर ग्रंथ लिहिला. तेथील चांदीच्या खाणी आणि भट्ट्या लाकूड गिळत होत्या. जितके नव्याने वाढते तितकेच तोडावे, हा त्याच्या प्रतिपादनाचा गाभा. आज जगभर ‘शाश्वतता’ म्हणून जो शब्द घोकला जातो, त्याचे एक मूळ या लाकडाच्या टंचाईत आहे.

भारतातील सरकारी वनव्यवस्थेचा पाया घालणारे डिट्रिच ब्रँडिस हेही जर्मनच. १८५६ साली ते ब्रह्मदेशातील पेगूच्या सागवनांत दाखल झाले आणि १८६४ साली ब्रिटिश हिंदुस्थानचे पहिले वन महानिरीक्षक झाले. पेगूत त्यांनी ठरावीक रेषांवरून जंगल पालथे घातले आणि वाटेत दिसणारे साग घेराप्रमाणे गटवार मोजले. खालच्या गटातले झाड वरच्या गटात जायला किती वर्षे लागतात याचा अंदाज बांधला. त्यावरून दरवर्षी किती झाडे तोडण्याच्या वयात येतात ते ठरले आणि तोडीची मर्यादा त्याला बांधली गेली. आधी मोजा, मग तोडा, हा त्या पद्धतीचा सारांश. त्या राजवटीचा हेतू साम्राज्याच्या जहाजांना आणि रेल्वेला लाकूड पुरविण्याचा होता, हे विसरण्याचे कारण नाही. तरी मोजणीची शिस्त हेतूपासून वेगळी काढून घेता येते आणि घेतली पाहिजे.

साध्या भागाकाराची मर्यादा

मोजणीवरून पुढचा हिशेब कसा मांडतात? समजा, एका गावाजवळ ६०० हेक्टर सागाचे रोपवन आहे आणि साग ६० वर्षांचा झाला की तोडायचा आहे. भागाकार सोपा आहे. दरवर्षी १० हेक्टर तोडावे, तितकेच लावावे. साठ वर्षांनी फेरा पूर्ण होतो आणि जंगल जसेच्या तसे राहते. हा हिशेब निर्दोष आहे, पण त्यासाठी एक अट आहे. त्या जंगलात एक वर्षाच्या रोपापासून साठ वर्षांच्या वृक्षापर्यंत प्रत्येक वयाचे क्षेत्र सारखे असले पाहिजे.

प्रत्यक्षात तसे कधीच नसते. समजा, ३०० हेक्टरवरील झाडे पन्नाशी ओलांडलेली आहेत आणि उरलेल्या ३०० हेक्टरवर दहा वर्षांच्या आतली रोपे आहेत. साठीचा नियम काटेकोर पाळला तर पहिल्या दहा वर्षांत दरवर्षी ३० हेक्टर तोड होईल. मग चाळीस वर्षे कुऱ्हाड बंद, मजुरांना काम नाही, आगारात लाकूड नाही. उलट, दरवर्षी १० हेक्टरचा नियम पाळला तर जुनी झाडे तीस वर्षे पुरतील. त्यातील शेवटची ऐंशी-नव्वदीला पोहोचतील आणि त्यानंतर तिशी-चाळिशीतला कोवळा साग कापावा लागेल. दोन्ही नियम सरळ आहेत आणि दोन्ही तोट्याचे आहेत. मधला मार्ग असंख्य पर्यायांत लपलेला असतो. कोणत्या भागात विरळणी करायची, कोणता भाग दहा वर्षे थांबवायचा, कोणता थोडा आधी घ्यायचा, या निवडी एकमेकींत गुंतलेल्या असतात. असा मार्ग शोधून काढण्याचे शास्त्र विसाव्या शतकात उदयास आले.

लाकडातून जन्मलेले गणित

त्याचा उगम लाकडाच्या उद्योगातच आहे, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. १९३०च्या दशकाच्या अखेरीस लेनिनग्राड येथील तरुण गणिती लिओनिद कांटोरोविच यांच्यापुढे प्लायवूड कारखान्यांच्या व्यवस्थापनाने एक अडचण मांडली. ओंडके सोलून पातळ पापुद्रे काढणारी आठ यंत्रे होती आणि लाकूड पाच प्रकारचे होते. प्रत्येक यंत्राचा वेग प्रत्येक लाकडासाठी वेगळा. कोणत्या यंत्रावर कोणते लाकूड किती वेळ चालवावे, म्हणजे ठरलेल्या प्रमाणात अधिकाधिक माल निघेल? कांटोरोविच यांच्या लक्षात आले की ही अडचण एका कारखान्यापुरती नाही. शेती, वाहतूक, उत्पादन सर्वत्र ती याच रूपात आढळते. १९३९ साली त्यांनी आपली पद्धत प्रसिद्ध केली. पुढे १९७५ साली त्यांना अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. अमेरिकेत जॉर्ज डँट्झिग यांनी १९४७ साली स्वतंत्रपणे ‘सिम्प्लेक्स’ ही रीत शोधली आणि ‘रेषीय नियोजन’ ही विद्या जगभर रूढ झाली.

या कथेत एक मराठी नावही अभिमानाने घ्यावे लागते. ग्वाल्हेरला जन्मलेले आणि मुंबईच्या आयआयटीतून पदवी घेतलेले नरेंद्र करमरकर यांनी १९८४ साली, अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत असताना, या प्रश्नांची उत्तरे काढण्याची अगदी निराळी रीत मांडली. डँट्झिग यांची रीत शेताच्या बांधाबांधाने, एका कोपऱ्यावरून दुसऱ्या कोपऱ्यावर जात उत्तर शोधते. करमरकरांची रीत शेताच्या मधून वाट काढते. प्रश्न प्रचंड असला तरी पायऱ्यांची संख्या आवाक्यात राहील, याची सैद्धांतिक हमी त्या रीतीला आहे. आज मोठमोठ्या नियोजनासाठी संगणकावर चालणाऱ्या प्रणालींत या विचाराच्या वंशातल्या पद्धती सर्रास वापरल्या जातात.

वनाच्या नियोजनात हे गणित कसे मांडतात? जंगलाचे कक्ष पाडलेले असतात. कोणत्या कक्षात, कोणत्या दशकात, किती क्षेत्रावर तोड, विरळणी किंवा राखण करायची, ही झाली अज्ञात राशी. त्यांपासून मिळणारे लाकूड किंवा उत्पन्न हे उद्दिष्ट. मग येतात बंधने. उत्पन्न एका दशकाहून दुसऱ्या दशकात फार घटू नये. साठ वर्षांनी उभे राहिलेले जंगल आजच्यापेक्षा कमी नसावे. नाल्याकाठचा पट्टा अस्पर्श राहावा. मजूर आहेत त्याहून अधिक लागू नयेत. आणि शेजारशेजारचे दोन कक्ष लागोपाठ उघडे पडू नयेत. एकावरची नवी लागवड मान वर काढीत नाही तोवर दुसऱ्याला हात लावू नये, म्हणजे माती वाहून जात नाही आणि वन्यजीवांना आडोसा राहतो.

हे शेवटचे बंधन ऐकायला साधे, पण गणिताला सर्वांत जड. क्षेत्राचे तुकडे करता येतात, ‘शेजार’ मात्र अर्धा करता येत नाही. कक्ष तोडायचा किंवा नाही तोडायचा, इतकेच. केवळ ३० कक्ष असले आणि एकाच दशकाचा निर्णय करायचा असला, तरी पर्यायांची संख्या १०७ कोटींवर जाते. सहा दशकांपैकी कोणत्या दशकात तोडायचा, किंवा मुळीच नाही, असे विचारले तर ती संख्या २६ अंकी होते. कितीही अनुभवी वनाधिकारी असला तरी हे सारे मनात तोलू शकणार नाही. संगणक तोलू शकतो, कारण तो सारे पर्याय मोजत बसत नाही; निरुपयोगी पर्यायांचे गठ्ठेच्या गठ्ठे बाजूला सारतो.

या शास्त्राची आणखी एक देणगी आहे. प्रत्येक बंधनाची किंमत ते सांगते. नाल्याकाठी तीस मीटरऐवजी पन्नास मीटर पट्टा राखला तर उत्पन्न किती घटेल? याला ‘छाया मूल्य’ म्हणतात. पुष्कळदा असे दिसते की ज्या बंधनाबद्दल कडाक्याचा वाद चालू आहे त्याची किंमत शून्य आहे. ते पाळल्याने काहीच बुडत नाही. कधी किंमत मोठी निघते. मग ती मोजायची की नाही, हे समाजाने डोळसपणे ठरवावे. आवेशाचा वाद आकड्यावर आला की निर्णयाला वाट मिळते.

समीकरणात जे नसते

येथपर्यंत गणिताची थोरवी झाली. आता त्याचा धोका.

१८४९ साली मार्टिन फाउस्टमन या जर्मन वनतज्ज्ञाने झाड कोणत्या वयात तोडणे सर्वांत लाभाचे, याचे सूत्र दिले. त्यात व्याजाचा हिशेब आहे. साठ वर्षांनी मिळणाऱ्या एक लाख रुपयांचे आजचे मोल, दर तीन टक्के धरला तर सुमारे सतरा हजार; सहा टक्के धरला तर जेमतेम तीन हजार. दर वाढवा आणि सूत्र म्हणते, लवकर तोडा. त्यात कोणताही खोटेपणा नाही. पण व्याजाचा दर कोणता धरायचा, म्हणजे नातवाच्या गरजेला आज किती वजन द्यायचे, हे सूत्र सांगत नाही. ते माणसालाच सांगावे लागते. १९७६ साली रिचर्ड हार्टमन यांनी दाखवून दिले की उभ्या जंगलापासून मिळणारे लाभही हिशेबात धरले तर तोडीचे योग्य वय पुढे जाते आणि कधी कधी उत्तर ‘तोडूच नये’ असेही येते. सूत्राची जात तीच. त्यात काय घातले यावर उत्तर फिरले.

अमेरिकेचा अनुभव बोलका आहे. १९७६च्या कायद्याने तेथे प्रत्येक राष्ट्रीय वनाचा आराखडा बंधनकारक झाला आणि त्यासाठी ‘फॉरप्लॅन’ नावाची भव्य संगणकीय प्रणाली वापरात आली. समीकरणे इतकी वाढली की त्यांत काय गृहीत धरले आहे ते सामान्य नागरिकाला कळेनासे झाले. वायव्य अमेरिकेच्या पुरातन अरण्यात एक ठिपकेदार घुबड राहते. १९९० साली त्याला संकटग्रस्त जातीचे संरक्षण मिळाले, १९९१ साली न्यायालयाने तोडीच्या विक्रीला मनाई केली आणि १९९४ साली साराच आराखडा नव्याने करावा लागला. एका पक्ष्याच्या गरजेला वेळीच स्थान न दिल्याने नियोजनाची सारी इमारत पुन्हा बांधावी लागली. मोडली ती लाकूडतोड्यांच्या गावांची घडीही.

आपल्याकडे काय घडले? १९७४ साली महाराष्ट्र वन विकास महामंडळ स्थापन झाले. कमी उत्पादक मानलेली मिश्र वने काढून तेथे सागाची रोपवने उभी करावीत, हा त्या काळचा देशभरचा विचार होता. घनफुटांत मोजले तर तो बिनतोड होता. पण मिश्र वनात मोह असतो, चार असते, तेंदू असतो, आवळा-बेहडा असतो. गोंड कुटुंबाच्या घरात मोहफूल हे उन्हाळ्यातले अन्न आणि रोख पैसाही. हे सारे घनफुटांत मोजले जात नाही. ज्याला समीकरणात स्थान नाही, त्याला कुऱ्हाडीपुढे मोल नाही. गणित चुकले नाही. उद्दिष्ट अपुरे लिहिले गेले.

म्हणून जंगल कापूच नये, असा निष्कर्ष काढणेही तितकेच एकांगी ठरेल. मार्च २०२३मध्ये अयोध्येतील श्रीराम मंदिराच्या दारांसाठी चंद्रपूर जिल्ह्यातील बल्लारपूरहून सागवान वाजतगाजत रवाना झाले. तसा घेर असलेला ओंडका मागणी नोंदवून तयार होत नाही. कित्येक दशकांपूर्वी कोणीतरी ते झाड राखण्याचा निर्णय केला, भोवतीची झाडे वेळेवर विरळ केली, तेव्हा ते आज मिळाले. राखण हाही नियोजनाचाच भाग आहे, याचे इतके सुंदर उदाहरण दुसरे नाही.

बंधने कोणी लिहायची?

१२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणी आदेश दिला की केंद्र शासनाने मंजूर केलेल्या कार्य आयोजनेशिवाय वनांत तोड होणार नाही. तेव्हापासून ‘आराखडा नाही, तर कुऱ्हाड नाही’ हा देशाचा नियम झाला. हे आराखडे आजही प्रामुख्याने क्षेत्र, घेर आणि आवर्तन यांच्या परंपरागत हिशेबावर उभे असतात. त्यांना इष्टतमीकरणाची जोड देण्याला फार मोठा वाव आहे. येथे तर नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प २०१३ साली घोषित झाला आहे. वाघ व्याघ्र प्रकल्पाची सीमा वाचून चालत नाही. तो एका वनातून दुसऱ्या वनात जातो. वाटेतल्या रोपवनातला कोणता कक्ष कधी उघडा करायचा, हा नेमका शेजारबंधनाचा प्रश्न आहे.

२००६च्या वनहक्क कायद्याने आणखी एक दार उघडले. सामूहिक वनसंपत्तीचे रक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क ग्रामसभेला मिळाला, आणि बांबूची गणना गौण वनोपजात झाली. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ साली हा हक्क मिळाला आणि एप्रिल २०११मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. गोंदिया जिल्ह्यातही ग्रामसभा या वाटेने निघाल्या आहेत. हक्काबरोबर हिशेब येतो. बांबूचा कोंब पावसाळ्यात निघतो, काही महिन्यांत पूर्ण उंची गाठतो, पण पक्व व्हायला साधारण तीन वर्षे लागतात. म्हणून जंगलाचे भाग पाडून दरवर्षी एकाच भागात तोड करायची, त्यातही कोवळ्या काठ्या बेटात राखायच्या. आता त्यात तेंदूपत्त्याच्या हंगामाचे मजूर, धानाची रोवणी-कापणी, नाल्याकाठची बेटे आणि गावातील बुरुडांची गरज जोडा. पाच-सात अज्ञात राशी आणि दहा-बारा बंधने. एवढे गणित साध्या संगणकावर काही क्षणांत सुटते.

पण ती दहा-बारा बंधने कोणती, हे संगणक सांगणार नाही. मोहाचे झाड कोणते राखायचे ते मोह वेचणारी बाई सांगेल. वाघाची वाट वनरक्षक सांगेल. देवाचे बन कोठवर आहे ते गावातील वृद्ध सांगतील. यांचे म्हणणे ठरावाच्या वहीतून समीकरणात उतरविणारा कोणीतरी हवा. येथे बसलेल्या घरांतील पदवीधर मुलामुलींचे हे काम आहे. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याने गणित मांडावे, कला शाखेच्या विद्यार्थ्याने गावाचे म्हणणे नीट ऐकून लिहून काढावे. दोघांपैकी एकाचे काम वगळले तर आराखडा लंगडा होईल.

आज्ञापत्रकारांपुढे संगणक नव्हता. तरी कोणते झाड तोडायचे यापूर्वी कोणाला विचारायचे, हे त्यांनी आधी लिहिले. आपल्यापाशी आता कोट्यवधी पर्याय तोलणारे यंत्र आहे. या उन्हाळ्यात जवळच्या एका ग्रामसभेत जावे, तिच्या जंगलाचे कक्ष आणि वृक्ष मोजायला हातभार लावावा आणि तिने सांगितलेली बंधने एका कागदावर उतरवावीत. गणित तेथून सुरू होते.